घेतला आठवड्यासाठी, ठेवला नातवासाठी

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत एक निवृत्त इंजिनिअर राहतात. सकाळी सव्वानऊला त्यांच्या टीव्हीचा आवाज वाढतो आणि बाजार उघडल्याचे खालच्या मजल्यालाही कळते. गेल्या पावसाळ्यात ते जिन्यात भेटले. त्यांनी मोठ्या उत्साहाने घेतलेल्या एका शेअरची मी चौकशी केली. म्हणाले, "चार्टवर ब्रेकआउट होता म्हणून आठवड्याभरासाठी घेतला होता हो. आता तीस टक्के खाली आहे. म्हटलं असू दे, कंपनी चांगली आहे. नातवाला होईल."

टेक्निकल चांगले की फंडामेंटल, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर मला या जिन्यातल्या संवादात सापडते. काकांनी शेअर घेतला एका शास्त्राने आणि सांभाळला दुसऱ्याच्या भरवशावर. दोघांपैकी कोणाचेही पूर्ण ऐकले असते तरी ते वाचले असते. चार्टचा नियम म्हणाला असता, सात-आठ टक्के खाली आला की बाहेर पड. ताळेबंद म्हणाला असता, हा मुळात घेऊच नकोस. मी जवळून पाहिलेले बहुतेक मोठे तोटे अशा ऐन वेळच्या पक्षांतरातून झालेले आहेत.

आधी दोन्ही पक्षांची ओळख. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कांद्याचे दोन व्यापारी शेजारी बसतात असे समजा. एकाचे लक्ष शेताकडे: लागवड किती झाली, अवकाळीने किती खाल्ले, चाळीत माल किती टिकेल, निर्यातीचे धोरण काय. त्यावरून या कांद्याला किती भाव मिळायला हवा हे तो ठरवतो. दुसरा पहाटे गाळ्यावर येऊन नुसता बघत राहतो: गाड्या किती लागल्या, पहिला भाव कितीला फुटला, मोठे खरेदीदार बोली चढवतायत की गप्प आहेत. भाव किती असायला हवा याच्याशी त्याला देणेघेणे नाही, कुठे चाललाय एवढे कळले की पुरे. पहिला फंडामेंटलवाला, दुसरा टेक्निकलवाला. ही उपमा फार ओढून आणलेली नाही, कारण चार्टवर दिसणाऱ्या लाल-हिरव्या कँडल्सचे मूळ अठराव्या शतकातल्या जपानी तांदूळ बाजारात सांगितले जाते. फंडामेंटलचे पाठ्यपुस्तक म्हणता येईल असा बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांचा ग्रंथ आला १९३४ मध्ये, अमेरिकेतल्या महामंदीत लोकांचे हात पोळल्यावर.

पूर्वी या दोघांपैकी फंडामेंटलवाल्याला एक मोठा फायदा होता. माहिती दुर्मीळ होती. १९८२ मध्ये मान्यता मिळालेला पुणे शेअर बाजार सदाशिव पेठेत भरत होता, तेव्हा वार्षिक अहवाल पोस्टाने यायचा आणि तो नीट वाचणारा माणूस इतरांच्या पुढे असायचा. चार्टवाले पेपरातले भाव पाहून आलेख कागदावर पेन्सिलीने रेघा ओढत. तो बाजार २०१५ मध्ये अधिकृतपणे बंद झाला. त्याच्या आधीच मुंबईच्या संगणकी बाजारांनी त्याचा धंदा ओढून नेला होता. आज ताळेबंद आणि चार्ट दोन्ही फुकट आहेत, तुमच्याकडे आहेत तसे समोरच्याकडेही. त्यामुळे आता माहिती मिळवण्यापेक्षा ती पाळणे अवघड झाले आहे.

हडपसरचा तीन अंकी धडा

दोन्ही शास्त्रे कुठे उपयोगी पडतात आणि कुठे फसवतात, हे पुणेकरांना एकाच कंपनीत पाहता येते. हडपसरला मुख्यालय असलेली सुझलॉन ही पवनचक्क्यांची कंपनी २००५ मध्ये ५१० रुपयांना शेअर विकून बाजारात आली. जानेवारी २००८ मध्ये एका शेअरचे पाच झाले आणि त्या पाचांतल्या एकेकाचा भाव चारशेच्या वर होता. सव्वादोन वर्षांत ५१० चे दोन हजारांहून जास्त. कथाही भक्कम होती. जगाला स्वच्छ वीज हवी होती, आणि २००७ मध्ये या कंपनीने फ्रान्सच्या अरेव्हाशी टक्कर घेऊन जर्मनीची रीपॉवर ताब्यात घेतली होती. त्यासाठी काढलेले कर्ज ताळेबंदात सगळ्यांना दिसेल असे छापलेले होते, पण तेजीत ते पान उलटतो कोण? २००८ मध्ये अमेरिकेतल्या पवनचक्क्यांच्या पात्यांना तडे गेल्याच्या बातम्या आल्या, पाठोपाठ जागतिक मंदी आली, आणि वर्ष संपताना भाव शंभराच्या खाली होता.

हा पहिला अंक चार्टवाल्याचा. पात्यांचे तडे त्याला माहीत असण्याची गरज नव्हती. भाव २०० दिवसांच्या सरासरीखाली गेला की बाहेर पडायचे, एवढा एकच ढोबळ नियम ज्याने पाळला, त्याचा नफा घटला असेल पण भांडवलाचा मोठा भाग वाचला.

दुसरा अंक बारा वर्षे चालला. चारशेचा शेअर शंभरला, मग पन्नासला, मग वीसला मिळतोय म्हणून लोक ॲव्हरेज करत गेले. जुना भाव आठवून 'स्वस्त' म्हणायचे, ही सवय दोन्ही शास्त्रांना मंजूर नाही, पण ती पुण्याच्या प्रत्येक पेठेत आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये वीस कोटी डॉलरांहून अधिक रकमेचे परकीय रोखे कंपनीला मुदतीत फेडता आले नाहीत. २०१५ मध्ये ती रीपॉवर, जिचे नाव तोवर सेन्व्हियॉन झाले होते, विकावी लागली. मार्च २०२० मध्ये भाव दोन रुपयांच्या आसपास होता. पन्नासला 'स्वस्त' म्हणून घेणाऱ्याचे शंभरातले शहाण्णव रुपये गेले. हे सगळे कर्जाच्या पानावर वर्षानुवर्षे वाचता येत होते.

तिसऱ्या अंकात कंपनी सावरली. ऑक्टोबर २०२२ मध्ये संस्थापक तुलसी तांती यांचे निधन झाले. त्याच महिन्यात कंपनीने पाच रुपये भावाने हक्कभाग देऊन १,२०० कोटी उभे केले, पुढच्या वर्षी मोठ्या संस्थांकडून आणखी २,००० कोटी घेतले आणि कर्जाचे ओझे उतरवले. सप्टेंबर २०२४ मध्ये भाव ऐंशीच्या वर पोचला.

आता खरी मेख पाहा. आजही कट्ट्यावर ऐकू येते, "एकेकाळी चारशेच्या वर होता, पुन्हा जाईल." चार्टवर तो जुना डोंगर दिसतोच. पण २००८ मध्ये कंपनीचे शेअर होते सुमारे १५० कोटी. कर्ज फेडण्यासाठी वेळोवेळी नवे शेअर काढत २०२४ पर्यंत ते सुमारे १,३६० कोटी झाले. चारशेच्या भावाला तेव्हा साऱ्या कंपनीची किंमत होत होती साठ हजार कोटी. ऐंशीच्या भावाला २०२४ मध्ये होत होती एक लाख कोटींहून जास्त. म्हणजे कंपनी म्हणून ती तेव्हाच तो डोंगर ओलांडून गेली होती आणि शेअर म्हणून पायथ्याशीच होती. स्प्लिट आणि बोनसचा हिशेब चार्ट करतो, नव्याने काढलेल्या शेअरांचा करत नाही. म्हणून जुना उच्चांक पाहून हुरळण्याआधी एकूण शेअर किती होते आणि किती झाले, हा आकडा बघा. दहा मिनिटांचे काम आहे.

चार्ट बोलतो, पण कोणाबद्दल?

याच जातीची आणखी एक गंमत हिंजवडीची. २०१९ मध्ये केपीआयटीचे दोन तुकडे झाले. जुनी नोंदलेली कंपनी बिर्लासॉफ्ट या नावाने पुढे चालली आणि मोटारींच्या सॉफ्टवेअरचा धंदा वेगळा काढून केपीआयटी टेक्नॉलॉजीज या नावाने एप्रिल २०१९ मध्ये नव्याने नोंदवला गेला. परिणाम असा की केपीआयटीचा पूर्वीचा चार्ट आज बिर्लासॉफ्टच्या नावाखाली दिसतो आणि केपीआयटीचा चार्ट २०१९ पासूनच सुरू होतो. बिर्लासॉफ्टवर २०१४ चा सपोर्ट काढून बसलेला माणूस दुसऱ्याच्या पत्रिकेवरून भविष्य सांगतो आहे.

स्प्लिट-बोनसचा हिशेब चार्ट कसा करतो तेही पाहा. बजाज फायनान्सने जून २०२५ मध्ये स्प्लिट आणि बोनस एकदम दिले, एकाचे दहा झाले. २०२० च्या मे महिन्यात हा शेअर दोन हजारांच्या खाली आला होता असे कोणी म्हणाले आणि तुमच्या चार्टवर तेव्हा दोनशेच्या खालचा भाव दिसला, तर दोघेही बरोबर आहात. पण त्या २०२० मध्ये वेगळाच धडा आहे. फेब्रुवारीत पाच हजारांच्या जवळ असलेला भाव तीन महिन्यांत निम्म्याहून खाली आला. चार्टच्या नियमाने 'बाहेर पड' म्हटले, आणि ते चूक नव्हते, कारण टाळेबंदीत हप्ते थांबले तर कर्ज देणाऱ्या कंपनीचे काय होईल हे कोणालाच ठाऊक नव्हते. वर्ष संपायच्या आत भाव जुन्या उच्चांकाला परत आला. बाहेर पडलेल्यांतले कितीतरी परत शिरलेच नाहीत. चार्टवर विकायचे असेल तर परत कधी घ्यायचे हेही आधीच ठरवावे लागते, नाहीतर तो नियम अर्धाच राहतो.

ताळेबंदही फसवतो, तोही सज्जनपणे. मुंढव्याच्या भारत फोर्जचे उदाहरण घ्या. मोठ्या ट्रकांचे क्रँकशाफ्ट आणि पुढचे ॲक्सल अमेरिकेत-युरोपात पाठवणारी ही कंपनी, म्हणजे तिचा नफा तिकडच्या ट्रकविक्रीच्या चक्रावर वर-खाली होणार. २०१८-१९ मध्ये एकत्रित नफा हजार कोटींच्या पुढे होता. २०२०-२१ मध्ये एकत्रित हिशेबात तोटा. नुसता नफा पाहणाऱ्याने पहिल्या वर्षी घेतला असता आणि दुसऱ्या वर्षी विकला असता. भावाने नेमके उलटे केले: मार्च २०२० मधल्या तळापासून वर्षभरात तो दुपटीहून जास्त झाला, तोट्याचे आकडे छापून येण्याच्या आधीच. चक्रावर चालणाऱ्या धंद्यात पी/ई (भाव भागिले शेअरमागचा वर्षाचा नफा) सगळ्यात आकर्षक दिसतो तो बऱ्याचदा नफा शिखरावर असताना, आणि सगळ्यात भयानक दिसतो तो तळाशी. पोलाद, साखर, ट्रक, रसायने यांना एका वर्षाचा पी/ई लावू नका. सात-आठ वर्षांचा सरासरी नफा लावा. कर्ज देणाऱ्या कंपनीला तर पी/ई मुख्य मापच नव्हे, तिथे पुस्तकी मूल्य आणि थकीत कर्जे पाहायची. आणि नेहमी 'एकत्रित' आकडे घ्या. मूळ कंपनी नफ्यात आणि परदेशी उपकंपन्या तोट्यात, हा प्रकार आपल्याकडे दुर्मीळ नाही.

दोन संध्याकाळी आणि एक वही

मी स्वतः जे करतो ते सांगतो. पहिली संध्याकाळ वार्षिक अहवालाची. अध्यक्षांचे मनोगत आणि हसऱ्या कामगारांचे फोटो ओलांडून थेट लेखापरीक्षकांचा अहवाल उघडतो. त्यांनी कुठे 'परंतु' वापरला आहे का, लेखापरीक्षकाने मुदतीआधी राजीनामा दिला आहे का, हे बघतो. मग रोख प्रवाहाचे पत्रक. गेल्या पाच-सात वर्षांचा निव्वळ नफा एका बाजूला बेरीज करून मांडतो आणि धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड दुसऱ्या बाजूला. नफा हजार कोटी आणि रोकड अडीचशे, असे दिसले तर उरलेले पैसे कुठे आहेत? बहुधा उधारीत किंवा गोदामात. ते का, याचे उत्तर मिळेपर्यंत पुढे जात नाही. मग कर्ज, मग नातेवाइकांच्या कंपन्यांशी झालेले व्यवहार, मग प्रवर्तकांनी किती शेअर गहाण टाकलेत. ही शेवटची माहिती दर तिमाहीनंतर २१ दिवसांत बाजाराला द्यावी लागते आणि बीएसईच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. एवढे झाल्यावर भाव महाग की स्वस्त हा प्रश्न. बहुतेक कंपन्या त्या प्रश्नापर्यंत पोचतच नाहीत, आणि त्यात माझा वेळ वाचतो.

दुसरी संध्याकाळ चार्टची, आणि ही लहान. पाच वर्षांचा साप्ताहिक चार्ट, २०० दिवसांची सरासरी आणि खाली उलाढालीचे खांब. भाव वाढताना उलाढाल वाढते का, पडताना घटते का, पूर्वी तीनदा कुठे थांबला. बस्स. आरएसआय, मॅकडी, बोलिंजर बँड यांचा मला राग नाही, पण हे सगळे एकाच भावातून काढलेले आकडे आहेत. पाच इंडिकेटर एकमताने 'घे' म्हणाले म्हणजे पाच साक्षीदार मिळाले असे होत नाही; एकाच माणसाने पाच आवाज काढून साक्ष दिली. चार्टकडून मला एवढेच हवे असते की मी चुकलो हे कोणत्या भावाला मान्य करायचे.

तो भाव ठरला की किती शेअर घ्यायचे हे गणितच सांगते. समजा भांडवल पाच लाख आणि एका व्यवहारात एक टक्का, म्हणजे पाच हजारांपर्यंत गमावायची तयारी. भाव ४००, चूक मान्य करायचा भाव ३६०. एका शेअरमागे धोका चाळीस, म्हणून शेअर १२५, रक्कम पन्नास हजार. यात चार्ट कमी आणि तिसरीचा भागाकार जास्त आहे, पण आमच्या काकांसारखे बहुतेक लोक उलट दिशेने जातात: खात्यात दीड लाख पडून आहेत, म्हणून दीड लाखाचे घ्या. एक सावधगिरी: रोज लोअर सर्किट, म्हणजे दिवसाची खालची मर्यादा, लागणाऱ्या चिमुकल्या कंपनीत हा चूक मान्य करायचा भाव, म्हणजे स्टॉपलॉस, कागदावरच राहतो, कारण घेणाराच नसतो. तिथे चार्ट कितीही देखणा असो, हात लावू नका.

करही लक्षात असू द्या. २३ जुलै २०२४ पासून वर्षाच्या आत विकलेल्या नोंदणीकृत शेअरच्या नफ्यावर २० टक्के, वर्षानंतर विकलेल्यावर १२.५ टक्के, तोही वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर. दर महिन्याला घेणारा-विकणारा ही शर्यत मागच्या रेषेवरून सुरू करतो.

मग चार्टवर जगणारे लोक नसतातच का? असतात, थोडे. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांनी तोटा केला होता आणि एकूण तोटा होता १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. याचा अर्थ चार्ट खोटा, असा मी लावत नाही. उसन्या ताकदीने आणि रोजच्या खर्चाने खेळताना चार्ट खरा असूनही माणूस बुडतो, असा लावतो. ज्यांना टेक्निकल शिकायचे आहे त्यांनी ते आधी डिलिव्हरीच्या, म्हणजे पूर्ण पैसे देऊन शेअर घेण्याच्या, व्यवहारात शिकावे.

आणि क्लासवाल्यांपासून जपा. लक्ष्मी रोडला साडीची दुकाने नसतील इतके शेअरचे क्लास आता शहरात झालेत. मराठीतून शिकवणाऱ्या एका गाजलेल्या यूट्यूब वाहिनीच्या चालकांवर सेबीने २०२४ मध्ये नोंदणीशिवाय गुंतवणूक सल्ला दिल्याबद्दल कारवाई केली. सल्ला देणाऱ्याकडे सेबीचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर ताडून पाहा. जो 'फक्त शिकवतो' म्हणतो, त्याला सेबीच्या जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरून शेअरबद्दल बोलायला मनाई केली. वर्गात कालचा चार्ट दाखवून 'इथे एंट्री' म्हणणारे गुरुजी दिसले, तर फी परत मागायला तुमच्याकडे कारण आहे.

पुणेकराला एक आगळा फायदा मात्र आहे, तो वापरा. आकुर्डी, चाकण, भोसरी, हिंजवडी या गावांतल्या कंपन्यांबद्दल आपल्याला शेजारपाजारी पुष्कळ कळते: पुरवठादाराची बिले वेळेवर निघतात का, तिसरी पाळी सुरू आहे का. हे निरीक्षण वैध आहे आणि कोणत्याही चार्टआधी येते. पण त्याची सीमा ओळखा. कंपनीच्या हिशेब विभागातल्या कोणी न जाहीर झालेला तिमाही निकाल सांगितला आणि तुम्ही त्यावर शेअर घेतला, तर सेबीच्या २०१५ च्या नियमांखाली तो गुन्हा आहे, घेणाऱ्याचाही आणि सांगणाऱ्याचाही. घरातले आहेत म्हणून सूट मिळत नाही.

शेवटी ती वही. कोणताही शेअर घेण्याआधी मी चार रकाने भरतो: का घेतो, चार्टवर की धंद्यावर, किती काळासाठी, आणि काय झाले तर विकणार. चार्टवर घेतला असेल तर विकण्याचे कारण भावच असते. धंद्यावर घेतला असेल तर कारण धंद्यातच शोधायचे: कर्ज वाढले, रोकड आटली, प्रवर्तकांनी शेअर गहाण टाकले. एकदा लिहिलेला दुसरा रकाना खोडायचा नाही.

दिवाळीनंतर काकांनी माझ्या आग्रहाखातर अशी वही केली. चार जुन्या डीमॅट खात्यांमधून तेवीस कंपन्या निघाल्या. पहिल्या रकान्यात त्यांनी प्रामाणिकपणे आठवून कारणे लिहिली. टीव्हीवर पाच, ब्रेकआउट म्हणून चार, स्वतः अहवाल वाचून तीन. उरलेल्या अकरांपुढे एकाखाली एक, सुवाच्य अक्षरात, 'भाचा म्हणाला'. भाच्याला मी ओळखतो. तो स्वतः दर महिन्याच्या पाच तारखेला इंडेक्स फंडात पैसे घालतो आणि बाजार बघत नाही.